जाळी चावते म्हणणारी सून

तिनं ओलं लुगडं पिळलं, दोन पावलं मागं सरकली आणि तिथूनच ते जाळीवर फेकलं. अर्धं जाळीवर अडकलं, अर्धं मातीत लोळलं. मग तिनं बाजूला ठेवलेली वेळूची काठी घेतली, मातीतलं टोक काठीनं उचललं आणि ढकलत ढकलत वर चढवलं. पुढचा कपडाही तसाच, लांबून.

मी फाटकाशी उभा राहून बघत होतो. मी कंपाऊंडवाला. धाराशिवात माझं जाळी-तारेचं दुकान आहे आणि जिल्हाभर घरांना कंपाऊंड मारून देतो. जमिनीत काँक्रीट करून उभे केलेले लोखंडी अँगल, त्यांना ताणून बांधलेली चौकडीची जाळी, वर काटेरी तार आणि पुढं फाटक, एवढाच कारभार. जाळीवर कपडे वाळत घालू नका, ती झोळ खाते, गंज धरते, हे सांगून सांगून माझा घसा सुकला. कुणी ऐकत नाही. आपल्याकडं कंपाऊंड झालं की दुसऱ्या दिवशी त्याच्यावर गोधडी असतेच. त्याची मला सवय आहे. पण काठीनं कपडे वाळत घालणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होतो. वर ती पोटुशी होती, आणि प्रत्येक कपड्यापायी तिला नको तितकं वाकावं लागत होतं.

गाव सास्तूरच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, लोक ओळखीचे आहेत. भूकंपानंतर नव्या जागेवर वसलेलं. सरळ गल्ल्या, मोकळे प्लॉट, मधोमध घर. बरीच वर्षं तिथं कुणी कुंपण घातलं नाही, चारी बाजूंनी मोकळं असलेलंच लोकांना बरं वाटायचं. पुढं झाडं लावली, शेळ्यांनी ती खाल्ली, भांडणं झाली, आणि एकामागं एक कंपाऊंडं सुरू झाली. दिवाळीच्या आसपास मी त्या गावात सात घरांना जाळी मारली. पहिलं काम हणमंतरावांचं. बाकीची सहा गिऱ्हाइकं त्यांनीच आणून दिली.

हणमंतराव म्हणजे रिटायर कंडक्टर. गाडी कुठं थांबवायची आणि कुठं सोडायची हे ड्रायव्हरला सांगण्यात त्यांची नोकरी गेली. रिटायर झाले तरी सांगणं काही थांबलं नाही. शेजाऱ्याच्या आंब्याला खत किती घालायचं इथपासून माझ्या काँक्रीटमध्ये पाणी किती घालायचं इथपर्यंत त्यांना सगळं ठाऊक. माणूस मात्र दिलदार. काम चालू होतं तेव्हा माझ्या माणसांना रोज दोनदा चहा आणि एकदा भाकरी.

त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत. सून अश्विनी, हीच काठीवाली, पहिलटकरीण. पुण्यातली खोली वरच्या मजल्यावर, जिना खडा, म्हणून चौथ्या महिन्यापासून तिला इकडंच आणून ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी तिचं डोहाळजेवण होतं. मंडपवाल्याचा टेंपो आत यायला पाहिजे आणि फाटक अर्धंच उघडत होतं. म्हणून हणमंतरावांचा फोन आला, आणि मी वेल्डर इस्माईलला घेऊन सकाळी सकाळी पोचलो.

फाटक का अडकलं ते बघताक्षणी कळलं. काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, माघ-फाल्गुनात वाळून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खांबाच्या काँक्रीटभोवती मोकळी जागा होते आणि जड फाटक खांबाला आपल्याकडं ओढतं. बिजागरी कापून थोडी वर घेतली की काम भागणार होतं. इस्माईलनं घरातल्या प्लगमधून वायर ओढली आणि ग्राइंडर, म्हणजे लोखंड कापायचं मशीन, जोडायला घेतलं. त्याला वेळ होता, म्हणून मी धुण्याच्या दगडापाशी गेलो.

मी विचारलं, ताई, हातानं का घालत नाही?

तिनं आधी घराच्या दाराकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "जाळी चावायलीय, भाऊ."

मला वाटलं जाळीचं टोक कुठं राहिलंय आणि ते टोचतंय. तिनं मान हलवली. "टोचत न्हाय. चावती. मुंग्या येतेत, इथवर." तिनं कोपरापर्यंत हात दाखवला.

मग तिनं सगळं सांगितलं. संक्रांत झाली आणि तिच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. सासूबाई शांताबाई म्हणाल्या, दिवस गेल्यावर येतातच, मलाही यायच्या. धाराशिवला तपासणीला गेली तेव्हा डॉक्टरांना सांगितलं, हातापायाला मुंग्या येतात. एवढंच सांगितलं तर डॉक्टर तरी दुसरं काय म्हणणार, त्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. ती गोळ्या खात राहिली. मग एके दिवशी तिच्या लक्षात आलं की मुंग्या घरात येत नाहीत, भाकरी थापताना येत नाहीत, फक्त जाळीपाशी येतात. ते तिनं घरी सांगितलं. सासऱ्यांनी तिच्यासमोर जाळीला दोन्ही हात लावून दाखवले. सासूबाई म्हणाल्या, धुणं टाळायचं तर सरळ सांग, जाळीवर कशाला ढकलतेस. तेव्हापासून ती काहीच बोलत नव्हती. काठी वापरत होती.

मुंग्या हा शब्द मला आवडला नाही. लोखंडाच्या धंद्यात आम्हाला एक सवय असते. संशय असला तर वस्तूला तळहात लावायचा नाही, उलटा हात लावायचा. करंट असला तर बोटं आत आवळली जातात, आणि तळहात लावला असेल तर माणूस ती वस्तू धरूनच बसतो. उलटा हात निदान झटक्यानं बाजूला होतो. मी उलटा हात जाळीला लावला. काही नाही.

"बूट काढा," अश्विनी म्हणाली. "आन् हितं, माज्या जागी उभं राहा."

तिची जागा म्हणजे दगडासमोरची ओली माती. मी बूट-मोजे काढले आणि तिथं उभा राहिलो. हात लावला. काही नाही. आता हिला काय सांगावं या विचारात हात तसाच ठेवून मी तोंड उघडलं, आणि तिकडं फाटकापाशी इस्माईलनं ग्राइंडर चालू केला.

खांद्यातून कुणीतरी हात उपटून काढल्यासारखं झालं. दातावर दात आपटले. हात उडाला आणि मी मागच्या मागं बादलीवर पडलो.

मला घाम फुटला. दुखलं म्हणून नव्हे, असले झटके मी आयुष्यात खाल्लेत. समोर ती उभी होती, अनवाणी, मनगटापासून ओली, पोटावर हात धरून. ही बाई संक्रांतीपासून रोज इथं उभी राहत होती आणि घरात तिला कामचुकार ठरवलं होतं. मी इस्माईलला ओरडून मशीन बंद करायला लावलं. तिथंच बसल्या बसल्या तिला विचारलं, जास्त कधी चावते? ती म्हणाली, सकाळी, आंघोळीच्या पाण्याला कॉईल लावली की. कॉईल म्हणजे बादलीत सोडतात ती पाणी तापवायची. विजेच्या वस्तूंत सगळ्यात खादाड.

मी टेस्टर आणला. ग्राइंडर चालू केला की जाळीला टेकवलेला टेस्टर पेटायचा, बंद केला की विझायचा. म्हणजे शेजाऱ्याकडून नाही, शेतातल्या, जनावरं हाकलायच्या झटका मशीनमधूनही नाही. याच घरात काहीतरी चालू झालं की जाळी जिवंत होत होती. इस्माईलला मशीनला हात लावू नको म्हणून सांगितलं आणि जाळी डोळ्यांनी तपासत घराला वळसा घातला.

मागच्या बाजूला मीटरच्या खाली भिंतीला भोक होतं. त्यातून काळी वायर बाहेर आली होती. न्हाणीच्या पाइपाला धरून ती खाली उतरली होती आणि कोपऱ्यातल्या अँगलला जाऊन भिडली होती. माझ्याच अँगलला. भोक पाडून, नटबोल्ट कसून, वर टेप गुंडाळून. काम सुबक होतं. हे चुकून लागलेलं नव्हतं, कुणीतरी मन लावून केलेलं होतं.

हणमंतराव चहा घेऊन आलेच. मी वायरीकडं बोट केलं.

"ती व्हय? ती अर्थिंग हाय," ते म्हणाले. चेहऱ्यावर कौतुक.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खांबावरून घरात दोन तारा येतात. फेजमधून करंट येतो, बल्बमधून फिरतो आणि न्यूट्रलमधून परत जातो. आमच्याकडं वारं सुटलं की खांबावरचा न्यूट्रलचा जोड ढिला होतो. करंटला परतीची वाट राहत नाही, आणि घरातले दिवे मिणमिणतात किंवा जातात. लाईनमनकडं गावं चार आणि पाय दोन, तो येईपर्यंत वेळ लागतो. मग लोकांनी उपाय काढलाय. घरातल्या न्यूट्रलला एक वायर जोडायची आणि ती जमिनीत सोडायची. करंट मातीतून परत जातो, दिवे लागतात. कुणी ती वायर हापशाला बांधतं, कुणी सळई ठोकून तिच्यावर मिठाचं पाणी ओततं. गावोगाव हे चालतं आणि करणारा हुशार म्हणवला जातो. हणमंतरावांनी ती माझ्या कंपाऊंडला बांधली होती.

"तुमचे अँगल तीन-तीन फूट खाली," ते मला समजावून सांगत होते. "याच्यापेक्षा भारी अर्थिंग तालुक्यात घावणार न्हाय. दिवाळीपासून आमच्या घरात लाईट बघा कशी लख्ख हाय."

दिवाळीत ती लख्ख असणारच होती. तेव्हा माती ओली होती, अँगलमधून करंट सरळ जमिनीत उतरत होता, जाळीला कुणाला काही जाणवत नव्हतं. मग जमीन वाळली. ज्या भेगांनी फाटक वाकडं केलं, त्याच भेगांनी प्रत्येक खांबाभोवतीची माती सोडवली. करंटला खाली जायला वाट मिळेना, म्हणून तो जाळीत चढून राहायला लागला. आणि जो कुणी अनवाणी, ओल्या जागेवर उभा राहून जाळीला हात लावेल, त्याच्यातून उतरायला लागला. त्या वाळल्या अंगणात ओली जागा एकच होती.

मी म्हणालो, मामा, आधी मेन स्विच पाडतो आणि ही तार तोडतो. जाळीत करंट उतरतोय, मला आत्ताच बसलाय.

ते हसले. "न्यूट्रलला कुठला करंट, राजाभाऊ? न्यूट्रल म्हंजे मेलेली तार." आणि त्यांनी जाळी दोन्ही हातांनी गच्च धरून दाखवली. ग्राइंडर बंद होता. पायात जाड रबरी चप्पल होती. हीच परीक्षा त्यांनी सुनेसमोर घेतली होती.

मी समजावलं. न्यूट्रल मेलेली असते ती खांबावरचा जोड शाबूत असेपर्यंत. जोड सुटला की तीच तार करंट घेऊन फिरते. त्यांना पटलं नाही. शेवटी म्हणाले, बरं, असंल तुमचं खरं. पण खांबावरचा न्यूट्रल परवापासून पार गेलाय. तार काढली तर घरात अंधार. उद्या एवढ्या बायका येणार, मंडपात लाईटा, साउंड, मिक्सर. उद्याचा दिवस जाऊ द्या, परवा मी स्वतःच्या हातानं काढतो.

उद्याचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. मंडपवाला लोखंडी पाइप कुठं बांधणार, तर माझ्या अँगलला. अंगणात सडा पडणार, म्हणजे सगळी जमीन ओली. बायका चपला फाटकापाशी काढून आत येणार. मला राग आला. मनापासून आला. मी मेन स्विचकडं निघालो तर हणमंतराव दारात आडवे झाले.

"घर माझं हाय, राजाभाऊ."

ते खरं होतं. कंपाऊंड माझं नव्हतं, घर माझं नव्हतं, मी बिजागरी कापायला आलेला माणूस. मी त्यांच्या हाताखालून आत घुसावं का या विचारात एक क्षण थांबलो. तेवढ्यात न्हाणीकडच्या दारातून शांताबाई बाहेर आल्या. पाणी तापायला लावून त्या आमचं बोलणं ऐकत होत्या.

"तू म्हणत व्हतीस ते हेच का?" त्यांनी सुनेला विचारलं.

अश्विनीनं मान डोलावली.

"थांबा," शांताबाई म्हणाल्या. "म्याच बघते." त्यांनी चपला काढल्या. मी मावशी नको, मावशी नको म्हणेपर्यंत त्या धुण्याच्या दगडापुढच्या चिखलात उतरल्या होत्या आणि त्यांनी जाळीच्या चौकटीत बोटं घातली होती. सरळ हात.

आत कॉईल चालू होती.

त्यांच्या तोंडून आवाज निघाला नाही. अंग ताठ झालं, मान मागं गेली आणि बोटं जाळीवर आवळली गेली. मी त्यांच्यापासून चार-पाच पावलांवर, हणमंतराव दारात, इस्माईल फाटकापाशी. आम्ही तिघंही पुरुष जागच्या जागी. मला ठाऊक होतं की त्यांना हात लावायचा नाही, लावला तर मीही चिकटणार. एवढंच ठाऊक होतं. पुढं काय करायचं ते सुचायच्या आत अश्विनीनं काठी उचलली आणि सासूच्या मनगटावर सगळा जोर लावून मारली. एकदा मारली, सुटलं नाही. दुसऱ्यांदा मारली तशी बोटं निसटली आणि शांताबाई चिखलात बसल्या.

मी हणमंतरावांना ढकलून आत गेलो आणि मेन स्विच पाडला. कोपऱ्यावर जाऊन पकडीनं वायर तोडली.

परत आलो तेव्हा अश्विनी सासूला पाणी पाजत होती. शांताबाईंच्या बोटांवर जाळीच्या तारेचे लाल वळ उठले होते. नवऱ्याकडं त्यांनी बघितलंही नाही.

"अशी रोज चावत व्हती तुला?" त्यांनी सुनेला विचारलं.

"रोज न्हाय, आत्या. कॉईल लावली की. आन् म्या लगेच हात काढायचे."

शांताबाई रडायला लागल्या. "म्या तुला कामाची चोर म्हणले गं," एवढंच त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या. अश्विनी त्यांचा हात चोळत बसली. तिनं मोठ्या मनानं माफ केलं वगैरे मी लिहिणार नाही, तिच्या चेहऱ्यावर मला तसं काही दिसलं नाही. ती फक्त दमली होती.

करंट बसला की माणूस उठून चालायला लागला तरी दवाखान्यात न्यावं, छातीवर परिणाम मागाहून होतो, एवढं मला माहीत होतं. आणि अश्विनीला तर न्यायलाच पाहिजे होतं. माझ्या छोट्या टेंपोत दोघींना पुढं बसवलं. हणमंतराव मागं हौद्यात, इस्माईलच्या शेजारी, वेल्डिंगच्या सामानात बसले.

शांताबाईंच्या छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती ठीक आली. अश्विनीला आत नेलं. बाहेर बाकावर मी आणि हणमंतराव. मला बसवत नव्हतं. दोन महिने रोज थोडा थोडा करंट अंगातून गेलेल्या बाईच्या पोटात काय झालं असेल, हा विचार डोक्यातून जात नव्हता, आणि हणमंतरावांच्याही डोक्यात तोच असणार. मग त्यांनी विचारलं.

"म्हंजे न्यूट्रल मेलेली नसती व्हय?"

मी परत एकदा सांगितलं. या वेळी त्यांनी ऐकलं. मध्ये एकदाही मला दुरुस्त केलं नाही.

नर्स बाहेर आली आणि म्हणाली, ठोके चांगले आहेत, बाळ हलतंय, आज थोडं थांबवून घेतो आणि संध्याकाळी सोडतो. हणमंतरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं सुटलो. पण तोंडावरचे हात काढल्यावर ते जे म्हणाले, त्यानं मला सकाळच्या झटक्यापेक्षा मोठा धक्का बसला.

"राजाभाऊ, म्या हे गावात सगळ्यांना सांगितलंय."

मी विचारलं, सगळ्यांना म्हणजे कुणाला? म्हणाले, तुम्ही जिथं जिथं जाळी मारली तिथं. सहा घरं. काही ठिकाणी मी स्वतः जाऊन बोल्ट कसून दिला.

गिऱ्हाइकं त्यांनी आणून दिली होती ती का, हेही मला तेव्हा कळलं. कंपाऊंडच्या जोडीला लख्ख लाईटचाही सल्ला ते देत होते.

इस्माईलला दवाखान्यात ठेवून आम्ही दोघं तसेच माघारी फिरलो. वाटेत त्यांनी प्रत्येक घरी फोन लावला. कुणी उचलला, कुणी नाही. ज्यांनी उचलला ते म्हणाले, बघू की, संध्याकाळी बघतो. गावात पोचल्यावर आम्ही घरोघर गेलो. मी पक्कड आणि टेस्टर घेऊन, ते पुढं. सहापैकी चार घरांच्या जाळीला वायर होती. लोक वाद घालत होते. तुम्हीच तर सांगितलं की, आणि आता तुम्हीच काढा म्हणता. एकानं पोराची परीक्षा आहे, दोन दिवस थांबा असं सांगितलं. हणमंतराव त्याच्या पायरीवर बसले. म्हणाले, म्या सांगितलेलं चूक होतं, माझी बायको सकाळी मरता मरता वाचली, तार सुटल्याशिवाय मी इथून उठत नाही. आणि उठले नाहीत. तार सुटली.

चौथ्या घराची मागची जाळी अंगणवाडीच्या अंगणाला लागून होती. पोरं खाऊची वाट बघत त्या जाळीला दोन्ही हातांनी लटकतात. त्या दिवशी अंगणवाडी सुटलेली होती. तिथली जमीन नळामुळं कायम ओली. ओलीमुळं करंट खाली उतरत असेल, म्हणून तोवर कुणाला काही झालं नसेल, असं मी स्वतःला समजावतो. टेस्टर तिथंही पेटला होता. ती वायर तोडल्यावर हणमंतराव आणि मी तिथंच जमिनीवर बसलो. ते म्हणाले, चहा घेऊ. कुठं जाऊन घ्यायचा हे मात्र दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही.

डोहाळजेवण दुसऱ्या दिवशी झालं. दुपारच्या उजेडात, लाईटाशिवाय, मंडप जाळीपासून लांब लाकडी बांबूवर. हिरवी साडी नेसून अश्विनी पाटावर बसली होती आणि शांताबाई हाताला पट्टी बांधून वाढत होत्या. लाईनमननं येऊन खांबावरचा जोड पक्का केला. पुण्याहून आलेल्या नवऱ्यानं अंगणाच्या मध्ये दोन लाकडी खांब रोवून नायलॉनची दोरी बांधली. पुढं अश्विनीला मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. अश्विनी अजून जाळीला हात लावत नाही.

आता कंपाऊंड करायचं म्हणून माझ्याकडं लोक येतात तेव्हा भाव विचारतात, जाळी किती जाड ते विचारतात. विचारावं. हद्द आधी मोजून घ्यावी, नाहीतर शेजारी कोर्टात भेटतो. काळ्या मातीत खड्डा जास्त खोल घ्यावा आणि फाटकाचा खांब सगळ्यात जड करावा. हे सगळे सांगतात. मी त्याच्या आधी सांगतो की लोखंडी जाळीला विजेची कुठलीही तार बांधायची नाही. अर्थिंगची नाही, लायटिंगच्या माळेची नाही, मोटारीची नाही. न्यूट्रल गेला तर तक्रार करा आणि मेणबत्ती लावून बसा. घरात गळती झाली की आपोआप लाईट पाडणारं ईएलसीबी मिळतं, ते बसवा. हणमंतरावांच्या घरी ते असतं तर पहिल्याच दिवशी पडलं असतं, आणि बहुतेक त्यांनी ते खराब निघालं म्हणून काढून टाकलं असतं.

आणखी एक. मोजायची टेप काढायच्या आधी मी विचारतो, या घरात धुणं कोण धुतं? पुरुष म्हणतात, त्याचा इथं काय संबंध. मी म्हणतो, त्यांना जरा बाहेर बोलवा. कंपाऊंडचे पैसे देणारा माणूस जाळीला फार तर रंग देताना हात लावतो. रोज हात लावणारी वेगळीच असते, आणि काही बिघडलं तर ते सगळ्यात आधी तिला कळतं. ती म्हणाली की जाळीला काहीतरी होतंय, तर पहिल्यांदा मेन स्विच पाडा. खरं की खोटं ते अंधारात बसून ठरवता येतं.